ओळीतून जाणारा ट्रॅक्टर आणि वाफशाला धावून येणारा डीलर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बागलाण तालुक्यातील एका शेतकरी बांधवांची साडेपाच एकर जमीन आहे. त्यात एक एकर अर्ली (हंगामाआधी येणारे) द्राक्ष ९ बाय ५ फुटांवर, दीड एकर डाळिंब १४ बाय १० फुटांवर आणि उरलेल्या तीन एकरांत खरिपात मका व त्यामागून उन्हाळ कांदा असे पीक असते. सध्या फवारणी एसटीपी पंप (जागेवर ठेवून चालवायचा फवारणी पंप) आणि नळीने होते, बाकीची मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरने. हाताशी सात लाखांची जुळवाजुळव आहे आणि त्यातले चार लाख कर्जाचे आहेत. मेहुणे म्हणतात ४५ एचपीचा (अश्वशक्तीचा) घ्या, भाड्याने चालवून हप्ता निघेल. शेजारी म्हणतात मिनी, म्हणजे छोटा ट्रॅक्टर घ्या. आणि तालुक्याच्या गावातील एक शोरूम महिनाअखेरीपर्यंतच टिकणारी सूट देऊ करत आहे. कोणता ट्रॅक्टर घ्यावा आणि कोणाकडून, असे त्यांनी विचारले आहे.

मी अठ्ठावीस वर्षे ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत आहे, आधी एका डीलरच्या वर्कशॉपमध्ये आणि नंतर स्वतःच्या गॅरेजमध्ये. घरची सव्वाचार एकर शेतीही करतो. उत्तर आधीच सांगून टाकतो: आपण २४ ते ३० एचपीचा, फोर व्हील ड्राइव्हचा, अरुंद बांध्याचा ट्रॅक्टर घ्यावा, वर्षातून एकदा लागणारी खोल नांगरट भाड्याने करून घ्यावी आणि कंपनी ठरवण्याआधी डीलरचे वर्कशॉप ठरवावे. असे का म्हणतो ते आता सविस्तर लिहितो, कारण आपल्यापेक्षा वेगळी पिके असणाऱ्याला हेच उत्तर लागू पडणार नाही.

सुरुवात एकरांपासून न करता तासांपासून करावी. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. त्या मानाने आपण सरासरीच्या वरच आहात, पण साडेपाच एकर हा आकडा ट्रॅक्टरविषयी काहीच सांगत नाही. साडेपाच एकर नुसते सोयाबीन असते तर ट्रॅक्टरला वर्षाकाठी तीस-चाळीस तासही काम निघाले नसते. आपल्याकडे हिशेब वेगळा पडतो. एक एकर द्राक्षात ९ फुटांच्या ओळींची एकूण लांबी सुमारे दीड किलोमीटर भरते, आणि दीड एकर डाळिंबात १४ फुटांच्या ओळी धरल्या तर तिथेही जवळजवळ तेवढीच. ताशी चार किलोमीटरच्या चालीने, वळणे आणि टाकी भरणे धरून, प्रत्येक बागेला एका फवारणीस पाऊण तासाच्या आतबाहेर लागतो. द्राक्षाच्या पन्नास आणि डाळिंबाच्या तीस फवारण्या धरल्या तर साठेक तास तिथेच गेले. कांद्यासाठी आणि मक्यासाठी तीन एकर दोनदा तयार करायचे, प्रत्येक वेळी रोटाव्हेटरच्या (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराच्या) दोन पाळ्या, आणि तीन फुटी रोटाव्हेटरला एकरी सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. म्हणजे आणखी सत्तावीस तास. बागेतील तण काढणे, शेणखत वाहणे, सारे पाडणे आणि किरकोळ ओढाताण धरली की वर्षाला सव्वाशे तासांचा अंदाज निघतो.

आता या सव्वाशे तासांवर खर्च टाकून पाहा. समजा ट्रॅक्टर सहा लाखांचा घेतला आणि बारा वर्षांनी दोन लाखांना गेला, तर दरवर्षीची घट ३३ हजार रुपये झाली. सरासरी चार लाख रुपये त्यात अडकून पडलेले असतात. दहा टक्क्यांनी त्याचे व्याज ४० हजार. विमा, ऑइल, फिल्टर आणि किरकोळ दुरुस्तीचे १५ हजार धरले तर एकूण ८८ हजार, म्हणजे तासाला सातशे रुपये; आणि यात डिझेल नाही. डिझेल तासाला अडीच लिटर आणि लिटरला नव्वद रुपये धरले तर तास सव्वानऊशेच्या घरात जातो. आपल्याकडे कांदा आणि मका एवढेच असते तर मी सरळ लिहिले असते की ट्रॅक्टर घेऊ नका, भाडे स्वस्त पडते. आपल्या बाबतीत ट्रॅक्टरचे समर्थन होते ते फवारणीमुळे, कारण फवारणीचा ट्रॅक्टर भाड्याने हवा त्या सकाळी मिळत नाही. अर्ली द्राक्षाची छाटणी पावसाळ्यातच होते, आणि पाऊस उघडल्यानंतर चार तासांत औषध गेले नाही तर डाऊनी (केवडा रोग) कोणाची वाट पाहत थांबत नाही.

याच गोष्टीतून फोर व्हील ड्राइव्हची गरज निघते. मशागतीला आपण वाफशाची (ओल उतरून रान कामाजोगे होण्याची) वाट पाहू शकतो, पण फवारणीला वाफसा पाहता येत नाही. ओल्या काळ्या रानातून पाचशे-सहाशे लिटरचा भरलेला ब्लोअर (पंख्याने औषध उडवणारे फवारणी यंत्र) ओढत जावे लागते आणि टू व्हील ड्राइव्हचा हलका ट्रॅक्टर तिथे जागच्या जागी चाक फिरवत बसतो. मोठा ट्रॅक्टर वजनाच्या जोरावर निघून जाईल, पण दोन टनांचे ते वजन आठवड्यातून तीनदा त्याच दोन चाकोऱ्यांवरून गेले की ओळीतील जमीन दगडासारखी दाबली जाते, आणि पांढरी मुळी त्या बाजूला जायला तयार होत नाही. फोर व्हीलची एक अट मात्र लक्षात ठेवा: पुढच्या आणि मागच्या टायरचे माप एकमेकांशी जुळवलेले असते, त्यामुळे टायर बदलताना 'हा पण बसतो' असे सांगून कोणी वेगळ्या मापाचा पुढचा टायर चढवला तर भार गिअरवर येतो. डांबरी रस्त्यावर लागताच दांडा ओढून फोर व्हील बंद करावी. ती बंद न केल्यामुळे झिजलेल्या पुढच्या टायरांचा ढीग माझ्या गॅरेजमागे पडलेला आहे.

रुंदी हा खरा निकाल लावणारा मुद्दा आहे. ओळ ९ फुटांची असली तरी वाय पद्धतीच्या मांडवात दोन्हीकडून हात पुढे आलेले असतात, आणि घड लागल्यावर मोकळी वाट फार तर पाच फुटांची उरते. ४५ एचपीच्या साध्या ट्रॅक्टरची रुंदी साडेपाच ते सहा फूट असते. मिनी ट्रॅक्टर साडेतीन ते चार फुटांत बसतो. शोरूममधला विक्रेता हे आकडे माहितीपत्रकातून वाचून दाखवील, पण माहितीपत्रकात मडगार्डचा कोपरा, सायलेन्सरची दिशा आणि छत्रीचा दांडा नसतो. काही वर्षांपूर्वी माझ्या डाळिंबात एका ट्रॅक्टरचा डेमो झाला. टायर ओळीत नीट बसले, सगळे खूश झाले. मी मात्र मागून चालत होतो आणि मडगार्डच्या कडेने घासून पडलेली फळे गोळा करत होतो. एका ओळीत सतरा फळे निघाली. बॉनेटवर उभा सायलेन्सर असेल तर पाने आणि घड होरपळतात. बागेसाठी तो खाली किंवा बाजूने काढलेला असावा. म्हणून डेमो रस्त्यावर किंवा डीलरच्या आवारात मान्य करू नका. तो आपल्या सर्वांत अरुंद ओळीत, ब्लोअर पाण्याने पूर्ण भरून आणि शेवटी बांधापाशी वळवून घ्या. बांधापाशी किती फूट जागा सोडावी लागते तेही मोजा, कारण एक एकराच्या बागेत वळायला गेलेली जागा म्हणजे वेलींची एक ओळ असते.

एचपीविषयी दोन गोष्टी. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो, तर ब्लोअर आणि रोटाव्हेटर चालतात पीटीओवर, म्हणजे अवजाराला ताकद देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथपर्यंत साधारण ८५ ते ९० टक्केच ताकद पोहोचते. म्हणून विक्रेत्याला पीटीओ एचपी विचारा. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात पीटीओची ताकद, डिझेलचा खप, हायड्रोलिकची उचल आणि ओढण्याची क्षमता हे सर्व मोजून दिलेले असते. डीलरकडे त्या मॉडेलचा अहवाल मागावा. तो दाखवायला त्याने टाळाटाळ केली तर त्यातूनही काही कळतेच. दुसरी गोष्ट म्हणजे १५ एचपीचा एक सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर आपल्याला पुरणार नाही. कोळपणीला आणि हलक्या वाहतुकीला तो उत्तम, पण भरलेला ब्लोअर त्याच्या मागे लावला की पंप आणि पंखा या दोघांना मिळून ताकद कमी पडते आणि धुके बारीक न होता थेंब पडू लागतात.

डबल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असल्याची खात्री करून घ्यावी. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर वळताना क्लच दाबला की ब्लोअरचा पंखाही मंदावतो, पुढच्या ओळीत शिरल्यावर पुन्हा वेग धरेपर्यंत पहिल्या चार-पाच वेलींना औषध कमी बसते, आणि रोग नेमका ओळींच्या टोकांपासून सुरू होतो. माझ्याकडे असे कित्येक बागायतदार आले ज्यांनी औषध बदलले, कंपनी बदलली, पण कारण क्लचमध्ये होते. यासोबत मिनिटाला ५४० फेऱ्यांचा पीटीओ मिळत असताना ट्रॅक्टर चार किलोमीटरच्या चालीने चालेल असा गिअर आहे का, हेही डेमोत पाहावे.

रोटाव्हेटर घेताना तो ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांच्या बाहेरील मापापेक्षा थोडा जास्त रुंद असावा किंवा एका बाजूला सरकवता यावा, नाहीतर चाकाची चाकोरी तशीच राहते. हायड्रोलिकची उचल मिनीत साडेसातशे किलोच्या आसपास असते आणि आपल्या अवजारांना ती पुरते. मिनीकडून जे होणार नाही तेही सांगायला हवे. उन्हाळ्यात काळ्या रानातली पल्टी नांगरट त्याच्याकडून करून घेण्याचा हट्ट धरू नका. तीन एकरांची नांगरट मोठ्या ट्रॅक्टरवाल्याकडून वर्षातून एकदा करून घेतली तर एका दिवसाचे काम आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याची घाईही नसते. कांदा नामपूर किंवा उमराण्याच्या बाजारात न्यायचा असेल तर पिकअप सांगावी. हलक्या ट्रॅक्टरमागे भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरलाच ढकलू लागते. शेतात आणि रस्त्यावर ये-जा करताना डावा आणि उजवा ब्रेक जोडणारी पट्टी रस्त्यावर येताच लावायलाच हवी, हे घरातल्या मुलालाही सांगून ठेवा. एकाच चाकाला ब्रेक लागून उलटलेले ट्रॅक्टर मी माझ्या हाताने सरळ केले आहेत.

मेहुण्यांच्या सल्ल्यात तथ्य नाही असे नाही. भाड्याने चालणारा ४५ एचपीचा ट्रॅक्टर हा चांगला धंदा आहे, पण तो धंदा आहे. शेतीला जोडून आपोआप होणारी गोष्ट नव्हे. वाफसा गावात सगळ्यांना एकाच दिवशी येतो. त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या रानात जायचे की आपल्या, हा प्रश्न दर हंगामात उभा राहणार, चालक ठेवला तर त्याचा पगार, आणि भाड्याची उधारी पुढच्या कांद्याच्या पट्टीपर्यंत. शिवाय सात लाख त्या ट्रॅक्टरलाच गेले तर ब्लोअर आणि रोटाव्हेटरसाठी काय उरते? चांगल्या ब्लोअरलाच काही लाख लागतात. ट्रॅक्टर आहे पण मागे लावायला काही नाही म्हणून नळीनेच फवारणी करणारे बागायतदार मी पाहिले आहेत.

कंपनीच्या प्रश्नाला मी मुद्दाम उशिरा आलो. २४ ते ३० एचपीत महिंद्राचे जिवो आणि ओजा, कुबोटाचे निओस्टार, स्वराजचे टार्गेट, जॉन डिअरचे ३०२८ ईएन, शिवाय व्हीएसटी, कॅप्टन, सोनालिका, न्यू हॉलंड, मॅसी फर्ग्युसन असे बरेच पर्याय बाजारात आहेत, आणि यांतला कोणताही नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षे काम देतो. इंजिनांतला फरक आता पूर्वीइतका राहिलेला नाही. फरक पडतो तो आपल्या तालुक्यात त्या मॉडेलचे किती ट्रॅक्टर चालतात यामुळे, कारण त्यावर सुटे भाग काउंटरवर असतात की मागवावे लागतात हे ठरते, आणि विकताना किंमतही त्यावरच ठरते. कंपनी मोठी आहे म्हणजे सर्व ठीक असेही समजू नये: फोर्स मोटर्ससारख्या पुण्याच्या जुन्या कंपनीनेही २०२४ मध्ये ट्रॅक्टरचा व्यवसाय बंद केला. स्वराज २००७ पासून महिंद्राच्या गटात आहे, आयशरचे ट्रॅक्टर २००५ पासून टॅफे या दुसऱ्या ट्रॅक्टर कंपनीकडे आहेत. पण मालक एक असला तरी काउंटर वेगळे, भाग वेगळे आणि मेकॅनिकही वेगळे असतात, तेव्हा एका शोरूममधून दुसऱ्याच्या सर्व्हिसची हमी कोणी दिली तर ऐकून सोडून द्यावी.

आता डीलर. माझ्या स्वतःच्या घरातली गोष्ट सांगतो. २०१४ च्या जूनमध्ये, पेरणीचा पाऊस झाल्यावर तिसऱ्या दिवशी, आमच्या ट्रॅक्टरचे हायड्रोलिक उचलेनासे झाले. पंपच गेला होता. मी स्वतः मेकॅनिक, खोलून पाहिले, दोष अर्ध्या तासात सापडला. पण पंप नव्हता. ज्या सब-डीलरकडून घेतला होता त्याच्या दुकानाला शटर लागलेले, मुख्य डीलर साठ किलोमीटरवर, आणि त्याच्याकडे तो पंप 'उद्या येतो' असे म्हणत नऊ दिवस गेले. तोवर रान एकदा सुकून पुन्हा भिजले होते आणि आमचे सोयाबीन गावात सगळ्यात शेवटी पेरले गेले. खरेदीच्या वेळी त्या सब-डीलरने मला दुसऱ्यापेक्षा अठरा हजार रुपये कमी सांगितले होते. ते अठरा हजार त्या नऊ दिवसांत गेले, आणि वर बरेच गेले.

म्हणून शोरूममध्ये चहा घेण्याआधी मागच्या बाजूला वर्कशॉपमध्ये जा, आणि तेही जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात किंवा छाटणीच्या दिवसांत, सकाळी दहाच्या सुमारास. मार्चच्या दुपारी प्रत्येक वर्कशॉप नीटनेटके दिसते. उभे असलेले ट्रॅक्टर पाहा. खोललेल्या इंजिनावर धूळ बसली असेल तर तो ट्रॅक्टर आज आलेला नाही; जवळच जॉब कार्ड लटकत असते, त्यावरची तारीख वाचा. एखादा मालक तिथे झाडाखाली बसलेला असतो, त्याला कितव्यांदा आलात असे विचारा. माझ्या अनुभवात तो माणूस माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतो. मग सुट्या भागांच्या काउंटरवर जाऊन आपल्याला हव्या त्याच मॉडेलची क्लच प्लेट, वॉटर पंप, हायड्रोलिकची सील किट आणि फ्युएल फिल्टर यांची चौकशी करा. 'आहे' एवढ्यावर थांबू नका, हातात द्या म्हणा आणि भाव विचारा. चारांपैकी तीन वस्तू कपाटातून बाहेर आल्या तर तो डीलर कामाचा आहे. फक्त फिल्टर निघाला आणि बाकी 'नाशिकहून संध्याकाळच्या गाडीने' येणार असेल, तर ती संध्याकाळ नऊ दिवसांची होऊ शकते.

मेकॅनिक किती आहेत, ते मोटारसायकलवर बांधावर येतात का आणि त्यांतला सर्वांत जुना किती वर्षे टिकून आहे, हेही पाहावे. ज्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक दर सहा महिन्यांनी बदलतात तिथे शिकाऊ मुलाच्या हातून आपले इंजिन खोलले जाते. त्या डीलरचे तीन वर्षांपूर्वीचे गिऱ्हाईक स्वतः शोधा. डीलरने नंबर दिलेले गिऱ्हाईक बहुधा त्याच्या नात्यातले किंवा चहापाण्यातले असते. नव्या गिऱ्हाइकाला विचारून उपयोग नाही, कारण पहिल्या वर्षी सर्वांचेच लाड होतात.

सब-डीलर जवळ आहे म्हणून तिथेच घ्यावा का? अंतराला किंमत आहे, मी ती नाकारत नाही. पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत चांगले वर्कशॉप असणे ही मोठी सोय आहे. पण सब-डीलर म्हणजे बहुतेक वेळा एक टेबल, एक बोर्ड आणि दोन उभे ट्रॅक्टर. बिल कोणाच्या नावाने निघणार, आरटीओचे ट्रेड सर्टिफिकेट (विक्रेत्याला लागणारा परवाना) कोणाकडे आहे आणि वॉरंटीचा अर्ज कोण भरणार, हे तीन प्रश्न विचारून उत्तर मुख्य डीलरच्या लेटरहेडवर घ्या.

महिनाअखेरीच्या सवलतीविषयी मला शंका आहे ती वेगळ्या कारणाने. ट्रॅक्टर किती दिवस आवारात उभा आहे ते आधी तपासा. चेसिस प्लेटवरून किंवा डीलरच्या पावतीवरून उत्पादनाचा महिना कळतो. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात: २३२४ असेल तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. बॅटरीवरही तारीख असते. अवर मीटरवर नव्या ट्रॅक्टरला दोन-चार तास दिसणे स्वाभाविक आहे, तीस दिसले तर तो डेमोला फिरलेला आहे. जुना साठा घेऊ नये असे मी म्हणत नाही, पण ते माहीत असताना आणि त्याप्रमाणे किंमत कमी करून घ्यावा. दुसरे असे की ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. शेजाऱ्याच्या जुन्या कोटेशनशी तुलना करून दाखवलेली 'सूट' म्हणजे निव्वळ कराची घट तर नाही ना, हे कागदावर ओळीने पाहा. कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत, कर, विमा, नोंदणी आणि साहित्य हे सर्व वेगवेगळे लिहून मागा. 'हँडलिंग' नावाची ओळ आली तर ती कशाची हे विचारा. विमा डीलरकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. टॉप लिंक, हुक, बंपर आणि टूल किट किमतीत आहेत की नाहीत, हे तोंडी न ठेवता लिहून घ्यावे.

कर्जाचे व्याज सांगताना 'फ्लॅट' (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज) हा शब्द आला की कान टवकारा. चार लाखांवर पाच वर्षे ९ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज १ लाख ८० हजार, एकूण ५ लाख ८० हजार, सहामाही दहा हप्ते ५८ हजारांचे. ऐकायला नऊ टक्के, पण घटत्या शिलकेवर मोजले तर तो दर पंधरा टक्क्यांच्या जवळ जातो. बँकेचा घटत्या शिलकेवरचा अकरा टक्के दर त्याहून कितीतरी स्वस्त आहे, मग भले कागदपत्रांसाठी चार चकरा जास्त पडोत. बँक सातबाऱ्यावर बोजा चढवणार असेल तर कर्ज फिटल्यावर तो बोजा आणि आरसी बुकातील बँकेचे नाव, दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन काढावे लागते हे विसरू नका. हप्ते द्राक्षाच्या आणि कांद्याच्या पैशांच्या महिन्यांना जुळवून घ्यावेत. बँक ते करून देते, फक्त मागावे लागते.

अनुदानाचा एकच नियम ठळक आहे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करून कृषी विभागाची पूर्वसंमती मिळाल्याशिवाय ट्रॅक्टर विकत घेऊ नका, कारण आधी फाडलेल्या बिलावर अनुदान मिळत नाही. यांत्रिकीकरण योजनेत अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के पण कमाल १.२५ लाख आणि इतरांना ४० टक्के पण कमाल १ लाख रुपये अशी मर्यादा आहे. पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर, ही अल्प भूधारकाची सीमा आहे. आपली साडेपाच एकर जमीन एकाच खात्यावर असेल तर आपण दुसऱ्या गटात जाल, खातेफोड आधीच झाली असेल तर चित्र वेगळे असेल. 'तुम्ही आज गाडी न्या, अनुदान मी काढून देतो' असे म्हणणाऱ्या डीलरला त्याच वेळी नमस्कार करावा.

जुना ट्रॅक्टर घेण्याचा विचार असेल तर तो मिनीत फारसा परवडत नाही, असे माझे मत आहे. बागेतला मिनी मालक सहसा तो पूर्ण झिजेपर्यंत सोडत नाही. घ्यायचाच झाला तर इंजिन सकाळी थंड असताना स्वतः सुरू करा, आणि मालकाने आपण पोहोचण्याआधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

ताबा घेताना चेसिस नंबर आणि इंजिन नंबर बिलाशी पडताळून पाहा, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्या आणि कोणते भाग वॉरंटीत नाहीत ते तिथेच विचारा. क्लच प्लेट आणि रबरी भाग सहसा नसतात, टायर आणि बॅटरीची हमी त्या त्या कंपनीची असते. पहिल्या पन्नास तासांत पूर्ण भार टाकू नका आणि पन्नास तासांची पहिली सर्व्हिस चुकवू नका, कारण तिचा शिक्का नसेल तर पुढे मोठ्या दुरुस्तीच्या वेळी वॉरंटी नाकारायला तेवढे कारण पुरते. त्या सर्व्हिसला येणारा मेकॅनिक जो असेल त्याचे काम शेजारी उभे राहून पाहा, जुने ऑइल कशात काढतो, फिल्टर नवा खोक्यातून काढतो की नाही, नट आवळायला कोणता पाना घेतो. माणूस नीट वाटला तर दुकानाचा नंबर बाजूला ठेवून त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर घ्या आणि छाटणीच्या आधी एकदा त्याला बांधावर चहाला बोलवा.